दृष्टिरेषा

महाप्याच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर
मी उपग्रह उडवते.
खरे नव्हेत. खऱ्यांना इंधन लागतं, परवानग्या लागतात.
माझ्यांना लागतो एक माउस
आणि वीज जाऊ नये एवढी कृपा.

पडद्यावर पृथ्वी, ईडलिंबाएवढी.
तिच्याभोवती चोवीस ठिपके.
काळ हजारपट पळवला
की अख्खा दिवस दीड मिनिटात उरकतो.
कुठला दुवा तुटला, किती पॅकेट गळाली,
कुठलं किती उशिरा पोचलं,
सगळं आपोआप लिहिलं जातं, तारीख-वेळेसकट.

परवा चाचणीसाठी दोन भूस्थानकं हवी होती.
वैशंपायन सर म्हणाले, टाक कुठलीही.
मी टाकली तळवली गावठाण.
एक आमच्या ओट्यावर,
एक काकाच्या.
नावं दिली बाळाराम-१ आणि पदाजी-१.
अंतर, चार मीटर.
सॉफ्टवेअरला हसू येत नाही. त्याने विचारलं,
मधे अडथळा आहे का?

आहे.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून उभी राहिलेली भिंत.
वर काचा रोवलेल्या. त्यातल्या हिरव्या
काकाच्या लग्नातल्या सोडाबाटल्यांच्या,
ज्या लग्नात बाबा पहाटेपर्यंत नाचले होते म्हणे.
उंची भरली, दोन मीटर.
पडद्यावर लाल अक्षरं आली:
दृष्टिरेषा नाही.

मग निरोप वरून न्यावा लागतो.
छत्तीस हजार किलोमीटर वर,
तेवढाच खाली,
शेजारच्या ओट्यावर.
पाव सेकंद लागतो. खर्च विचारू नका.

स्वस्तातला मार्गही आहे.
खालून फिरणारा एकच उपग्रह घ्यायचा,
तो पारसिकच्या डोंगरामागून वर येईल तेव्हा येईल.
तोवर निरोप पोटात ठेवायचा.
समोरचा दिसला की द्यायचा.

हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
सहावीपासून मी तेच करते आहे.
सांग त्याला, घरपट्टीचा कागद आलाय.
सांग तुझ्या बापाला, जत्रेची वर्गणी मी भरली.
दप्तर पाठीला लावून जाता जाता द्यायचे,
येता येता उत्तर आणायचे.
शिव्या मधल्या गल्लीत गाळायचे.
सिग्नल साफ जायचा दोन्हीकडे.

एकदाच चुकले.
बारावीचा पेपर होता, डोक्यात प्रमेयं,
आणि वाशीला आत्याचं ऑपरेशन.
काकाला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही बाजारात.
मला तो काही बोलला नाही.
ते निरोपाचं पॅकेट अजून कुठल्या रांगेत आहे
मला माहीत आहे.

काल सर म्हणाले, आता मधला उपग्रह पाड.
बघू, जाळं किती तग धरतं.
मी पाडला.
दोन्ही स्थानकांत रांगा वाढत गेल्या,
चाळीस, चारशे, मग स्मृती भरली
आणि जुने निरोप आधी पुसले जाऊ लागले.
अपेक्षित निकाल, असं लिहून मी फाइल मिटली.
घरी पोचायला साडेबारा झाले.

अंगण ओलं. आमचंही, त्यांचंही.
काकाची टाकी भरून वाहिलेली असणार,
पाणी नेहमीसारखं भिंतीखालून आपल्याकडे,
आणि नेहमीसारखा बाबांचा निरोप,
सांग त्याला, पानी फुकट चाललाय.
पण सांगायला मी नव्हते,
आणि पंप बंद होता.

स्वयंपाकघरातलं स्टूल
भिंतीला लागून, चिखलात,
एक पाय जरा रुतलेला.
एका जागी, वरच्या काचांवर,
बाबांचा टॉवेल चौघडी करून घातलेला.

सकाळी चहा घेताना बाबा म्हणाले,
सांग त्याला,
आणि मग बशीत फुंकर घालत राहिले.
मी वाट पाहिली.
महाप्याची बस चुकली.